आडनांवाची पारख

आंधळगांवीं शिक्षक असतां हजेरी घेतांनाच आडनांवावरून मुलाची पारख करण्याची आम्हांस खोड होती. गोमंतकांतील दिवाडी बेटावर ब्राह्मण कुळांत जन्मलेले मातेउस दे कास्त्रो यांचें चरित्र वाचलें आणि ती खोड आम्हांसच बोचली. धर्मांतराबरोबर तेथील कुळांस पोर्तुगीज आडनांवें मिळत. लॅटिन ‘कास्त्रुम’ म्हणजे दुर्ग. तेव्हां दे कास्त्रो म्हणजे आपले ‘गडकरी’च! परंतु या आडनांवाचा त्यांस उपयोग झाला नाहीं. गोव्याच्या आर्चबिशपांनीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा नाकारली. रोमास जाऊन त्यांनीं ती मिळविली व १६३७ सालीं ते रोमन कॅथलिक बिशप झाले. परतल्यावर पोर्तुगीजांनीं तोही अधिकार मानला नाहीं. आडनांव पालटलें, पाहणाऱ्याची दृष्टि पालटली नाहीं. वाचकहो, मूल पारखतांना वा सोयरीक जुळवितांना आडनांव शेवटीं विचारावें.