मामाच्या गावापलीकडची सुटी

आमच्या परभणी जिल्ह्यात पोरीनं सुटीत मुक्कामाला जायचं ते मामाच्या गावाला. फार तर मावशीकडं. नात्यागोत्याबाहेर, बाप-भाऊ सोबत नसताना आठवडाभर राहायचं, हे ऐंशीच्या दशकात कुणाला पटणारं नव्हतं. "कुठं पाठवायलास बाबा लेकराला उन्हातान्हाचं?" आजीनं अप्पांना विचारलं. अप्पा काहीच बोलले नाहीत, संमतीपत्रावर सही केली. त्या एका सहीवर मी गाईडच्या उन्हाळी शिबिराला गेले.

शिबिर जिंतूर तालुक्यात येलदरीला, पूर्णेवरच्या धरणाजवळ होतं. मे महिना, पारा 42-43 अंशांवर. दुपारी तंबूत बसवत नसे, म्हणून गाठींचा तास लिंबाखाली भरे. रीफ नॉट म्हणजे उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. टोकं आपापल्या दोरीला लागून निघाली तर गाठ बरोबर, आडवी निघाली तर सोडायची आणि पुन्हा बांधायची. बँडेजला हीच गाठ मारतात, कारण ती सपाट बसते, जखमेला रुतत नाही. तंबूच्या खांबाला दोरी बांधायची तर क्लोव्ह हिच.

सगळ्यात जास्त आठवतो तो बिनभांड्याचा स्वयंपाक. तवा नाही, परात नाही. पळसाची पानं काड्यांनी टाचून त्यावर कणीक मळली. गोळे दोन पानांमध्ये थापून गोवऱ्यांच्या आरात सरकवले. वांगी नि कांदे निखाऱ्यात, मिरची-मीठ दगडावर. वरचं पान जळून काळंठिक्कर व्हायचं आणि आतून पानगा निघायचा खरपूस, पानाच्या शिरा अंगावर उमटलेला. चूल आम्हाला नवी नव्हती, तालुक्यातल्या पोरी चुलीपुढंच वाढलेल्या. नवं होतं ते पुढचं. घरी आधी पुरुषांची पंगत उठायची, मग आम्ही. इथं रांधलं कुणी, तर आम्ही. आणि पहिला घासही आमचाच.

रात्री पहारा असे, दोघी-दोघींचा. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी, धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा. एरवी अंधार पडला की पोरींनी घरात यायचं. इथं मध्यरात्री अंगणाबाहेर उभं राहून झोपलेल्यांची राखण आम्हीच करायची. पहिल्या रात्री कुत्र्याच्या भुंकण्यानंही काळजात धस्स झालं. दोन रात्रींनी त्याच अंधारात आम्ही तारे ओळखत बसलो होतो.

शेकोटीभोवती बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी पुढं माझ्या मुलींनाही सांगितली. 1909 साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मेळावा भरला, तर तिथं काही मुली आपणहून दाखल झाल्या. बोलावणं नव्हतं. आम्हालाही हे हवंय, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी गर्ल गाईड्सची चळवळ उभी राहिली, 1911 मध्ये जबलपूरला भारतातलं पहिलं पथक निघालं, आणि 1966 मध्ये तर पुण्यात 'संगम' हे गाईड्सचं जागतिक केंद्रच सुरू झालं. न बोलावता गेलेल्या त्या मुलींचं आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं!

हे सगळं आज लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास आहे. शिबिरानं बालविवाह थांबतील असा दावा मी करणार नाही. त्यामागं दुष्काळ आहे, ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं आहेत, हुंडा आहे, पोरीची वाटणारी काळजी आहे. पण उन्हाळा हाच आपल्याकडं लग्नसराईचा हंगाम. त्याच दिवसांत आठवी-नववीच्या पोरी तंबू ठोकताना, पहारा देताना आई-बापांना दिसल्या, तर लेक हाताशी आली म्हणजे काय, याचं निराळं चित्र त्यांच्यापुढं उभं राहील, एवढं मात्र मला खात्रीनं वाटतं.

लागतं तरी काय? शाळेचं रिकामं मैदान, पाण्याचा टँकर, चार तंबू आणि दोन धीराच्या बाई. सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम, कुठंही या मे महिन्यात मुलींचं शिबिर भरवणार असाल तर मला कळवा. गाठी नि पानगे शिकवायला मी स्वतः येईन.