हरणांवरचा खर्च वाया जात नाही




‘हरणांच्या आजारावर सरकारने पैसा का ओतावा, शिकाऱ्यांनी आपले आपण बघावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही.

हा आजार, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, 1967 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत दिसला. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये तो 2002 साली सापडला. हरीण खंगत जाते, लाळ गाळते, मान टाकून उभे राहते आणि मरतेच. लस नाही, औषध नाही. त्याला कारणीभूत असलेले प्रिऑन हे बिघडलेले प्रथिन मातीत वर्षानुवर्षे टिकते, शिजवूनही नष्ट होत नाही. अशा मातीचे काय करायचे, हे कोणती खासगी कंपनी शोधणार? त्यात नफाच नाही.

नोव्हेंबरात शिकारी हरणाचे मुंडके चिठ्ठी बांधून तपासणीच्या पेटीत ठेवून जातात. गळ्यातल्या लसिका ग्रंथींचा अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये थांबते. माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हे खरे. पण ब्रिटनमध्येही गाईंच्या अशाच आजाराबाबत सरकार लोकांना निर्धास्त राहा म्हणत होते. 1996 मध्ये त्या आजाराचा माणसांशी असलेला संबंध सरकारला मान्य करावा लागला. नजर ठेवायलाही पैसा लागतोच.

अमेरिकी काँग्रेसने 2022 च्या अखेरीस संशोधन व नियंत्रणासाठी वर्षाला 7 कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाला कायद्याने मुभा दिली. मुभा म्हणजे हातात पैसा नव्हे. इथे मतदार असलेल्या मराठी वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधीला त्यासाठी एक पत्र जरूर लिहावे.

— एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन