बांध कोणाच्या वाट्याचा?

नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या ज्या माळांवर पूर्वी पावसाच्या भरवशावर बाजरी होत असे तिथे उसाचे मळे उभे राहिले. तेव्हापासून या मुलखातील कज्ज्यांत पाण्याखालोखाल मान बांधाचाच आहे. ‘बांध कोरणे’ म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावे लागते तो या तालुक्यांतला नव्हे. नांगराच्या फाळाने दरसाल चार बोटे माती आपल्याकडे ओढावी, आणि कालांतराने मोजणीदार आला म्हणजे हद्दीच्या दगडाशेजारी साळसूदपणे उभे राहावे, ही विद्या पिढीजात आहे. रोटाव्हेटरने तिला वेग तेवढा आणला.

तरीही त्या कोरून कोरून कृश झालेल्या बांधावरची बाभूळ, लिंब, बोर आणि घायपाताची रांग वारा अडवीत असे, मोकाट गुरे थोपवीत असे आणि दोन संसारांमध्ये थोडा आडोसा धरीत असे. पलीकडचाही शेतकरीच असल्यामुळे त्याची धूळ व याची धूळ एकाच जातीची होती.

गेल्या फाल्गुनात बारामतीबाहेरच्या एका नव्या वसाहतीत स्नेह्याकडे गेलो, तेव्हा कुंपणाच्या भिंतीपलीकडे तोडणी झालेल्या फडात पाचट पेटले होते आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळीच्या लांबट काळ्या चिंध्या अलगद उतरत होत्या. वहिनी संतापल्या, स्नेही भिंतीवरून ओरडले. पलीकडून शांतपणे उत्तर आले, “सायेब, आमचा आजा हितं ऊस लावत हुता, तवा तुमची भिंत कुठं हुती?” पाचट जाळणे जमिनीच्याही हिताचे नाही, हे खरे, परंतु प्रश्न बिनतोड होता.

कारखाना व वस्ती यांच्यामध्ये अंतर राखावे, हे आपल्या नगररचनेला ठाऊक आहे. शेत व घर यांच्यामधल्या पट्ट्याविषयी मात्र ती फारशी बोलत नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर वा अधिक जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती बहुधा जिथे भूखंड नीट बसत नाही अशा कोपऱ्यात पडते, आणि तिथे एक घसरगुंडी व दोन सिमेंटची बाके बसली की ‘उद्यान’ ही संज्ञा सिद्ध होते. माझे म्हणणे असे की, जो जमिनीचा वापर बदलतो व एकराचा भाव गुंठ्यावर नेतो, त्यानेच आपल्या हद्दीच्या आतून पट्टा द्यावा. ती दहा टक्के जागा उसाच्या बाजूने लांबट काढावी, तिच्यात लिंब-करंजाच्या दोन ओळी लावाव्यात, आणि झाडे कमरेएवढी झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. शेतकऱ्याकडे बोटभर जमीन मागू नये. औद्योगिक वसाहतीच्या भिंतीशी तर गुंता आणखी आहे, कारण आत औद्योगिक विकास महामंडळाचा अंमल, बाहेर नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. दोन अंमलांमधली झाडे कोणाच्याच दप्तरात नाहीत.

याच तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरांचे आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित वनांभोवती सरसकट एक किलोमीटरचा पट्टा सांगितला आणि पुढल्याच एप्रिलमध्ये तो दंडक शिथिल केला. तो पट्टा इथे आखला असता तर अभयारण्याच्या दुपटीहून मोठा झाला असता. हरणाला किलोमीटर मिळो न मिळो, निदान चर्चा तरी झाली. कुरडयांसाठी कोण न्यायालयात जाणार?

स्नेह्यांनी त्या ऊसवाल्याविरुद्ध तहसीलदारांकडे अर्ज लिहून मागितला. मी लिहून दिला, पण नगररचना कार्यालयाच्या नावे. त्यात शेतकऱ्याचा उल्लेख नाही, मंजूर रेखांकनात खुली जागा कोठे दाखविली आहे त्या नकाशाची नक्कल मिळावी, एवढीच विनंती आहे. स्नेही किंचित रुसले आहेत.

— क्षेत्रपाल