गावाचा अंधार कोणाच्या खात्यावर?



भारनियमनाच्या दिवसांची आठवण निघाली की शहरातला शिकलेला माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो, "शेतकऱ्यांनी फुकटात मोटरी चालवल्या, म्हणून सगळ्यांची लाइट गेली." हे इतक्या वेळा छापून आले की आपल्यातलेही काही जण ते खरे धरून चालतात. म्हणून या वाक्याचा हिशेब एकदा मांडायला हवा. तो मांडण्याचा पहिला हक्क कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू गावांचा आहे. राज्यातली चार-पंचमांशाच्या आसपास शेती पावसाच्या भरवशावर आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या रानात विहीर नाही, विहीर असली तर पाणी नाही. ज्याने आयुष्यात मोटरीचे बटण दाबले नाही, त्याच्या घरात बारा-बारा तास अंधार का होता?

उत्तर तारेत आहे. उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची वाहिनी रानातल्या मोटरींना आणि गावठाणातल्या घरांना एकच होती. मोटरींचा भार कमी करायचा म्हणून वाहिनी बंद केली की गावही बंद. पुढे थ्री फेज बंद ठेवून रात्री दिव्यापुरता सिंगल फेज सोडू लागले. मग कुणी कंडेन्सर लावून त्यावरच मोटर ओढली, बल्बातली तार लाल काडीसारखी दिसू लागली, डीपी तापून जळाली आणि तोही दिवा गेला.

शेतकी महाविद्यालयात आम्हाला पंपाचे गणित शिकवले होते. तेच इथे लावा. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. दोनशे घरांच्या गावात प्रत्येक घरी साठ वॅटचे दोन दिवे लावले तरी भार होतो चोवीस किलोवॅट, म्हणजे साडेसहा मोटरींएवढा. सहा-सात मोटरींची वीज वाचवायला दोनशे घरे अंधारात बसवायची, असा हा व्यवहार होता. वाहिनी वेगळी करण्याचा खर्च टाळला, आणि तो खर्च आपल्या चुलीपुढच्या बाईने आणि दहावीच्या पोराने भरला.

हा खर्च कोणत्या वहीत लिहिला गेला नाही. तो आज लिहू.

पहिला खर्च दळणाचा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. म्हणून ज्वारी खाणाऱ्या घराला दळण थोडे थोडे आणि वरचेवर लागते. चक्कीची मोटर थ्री फेजची. लाइट रात्री दोनला आली तर चक्की दोनला सुरू. डबे नंबराला लावून बाया ओट्यावर बसून राहायच्या आणि पहाटे तसेच वेचणीला निघायच्या. डिझेलच्या इंजिनावर दळायचे तर दर जास्त. शहरात वीज गेली की पंखा बंद व्हायचा, आपल्याकडे भाकरी थांबायची.

दुसरा खर्च जिवाच्या धास्तीचा. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात केंद्र उघडून नंबर लागेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवावा लागे. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि उजेडाला रॉकेलची चिमणी! वर्षाची कमाई आणि लेकरे एका ठिणगीच्या अंतरावर झोपायची. आमच्या घरी आई कापसाच्या खोलीत चिमणी नेऊ देत नसे. अंधारात चाचपडत अंथरूण घालायचे, असा नियमच होता. हा नियम कितीतरी घरांत होता. विचारून पाहा.

तिसरा खर्च रॉकेलचा. रेशनवर मिळायचे ते महिना पुरायचे नाही, उरलेले काळ्या बाजारातून. कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कातरायची आणि धुरात डोळे चोळत पोरांनी अभ्यास करायचा. मार्चमध्ये परीक्षा, आणि भारनियमनही उन्हाळा लागताच वाढायचे. त्याच परीक्षेला पुण्या-मुंबईचा पोरगाही बसत होता.

चौथा खर्च डीपीचा. डीपी जळाली की घरटी वर्गणी काढायची, ट्रॅक्टर भाड्याने घ्यायचा, जळालेली डीपी स्वतः उतरवून तालुक्याला न्यायची आणि दुसरी मिळेपर्यंत खेटे घालायचे. बिल मात्र महिन्याच्या महिन्याला यायचे.

आता दुसरी बाजू पाहू. वीज तयार कुठे होत होती? कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला, चंद्रपूरचा १९८३ च्या सुमारास. पारस अकोला जिल्ह्यात, परळी बीड जिल्ह्यात. कोळसा आपल्या भागात जळला, राख आपल्या रानावर बसली, पाणी आपल्या धरणांतले गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात पाणीच उरले नाही म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. आणि भारनियमन सर्वात कडक होते त्या काळात मुंबई त्यातून सुटलेली होती. २००६ साली पुण्याने कारखान्यांच्या जनरेटरची वीज आणि थोडा जादा दर असा तोडगा काढून स्वतःची सुटका करून घेतली. पुणेकरांवर आपला राग नाही. पण ज्याच्या दारात राख पडते त्याला तोडगा का मिळाला नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

"गळती होती, चोरी होती," असे उत्तर मिळेल. होती. पण ती किती हे बरीच वर्षे लपवले कोणी? मीटर नसलेल्या मोटरींच्या नावावर वाटेल तेवढी युनिटे लिहिता येत होती. वीज मंडळ गळती १८ टक्क्यांच्या आसपास सांगत असे. वीज नियामक आयोगाने २००० साली दरवाढीची छाननी केली, तेव्हा ती ३० टक्क्यांच्या वर असल्याचे उघड झाले. म्हणजे शहरातली, कारखान्यातली, तारांमधली गळती शेतकऱ्याच्या अंगावर घालून मोकळे होण्याची सोय होती. आपण वीज न वापरताही चोर ठरलो.

२००५ साली मंडळाचे विभाजन झाले, महावितरण आली. मग वाहिन्यांचे गट पाडले. जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. ऐकायला न्याय वाटतो. पण गावातल्या दहांनी आकडा टाकला तर नियमाने बिल भरणाऱ्या म्हातारीचा दिवाही विझला. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा अख्ख्या गावाला द्यायची ही कोणत्या कायद्यातली रीत? एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हाही याच रीतीने जास्त गळतीच्या वाहिन्या आधी बंद झाल्या. हे हत्यार अजून म्यान झालेले नाही.

सुधारणा झाली ती मान्य केली पाहिजे. गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या होऊ लागल्या तसा बऱ्याच गावांतला संध्याकाळचा दिवा टिकला. जे काम आधी परवडत नाही म्हणत होते, ते नंतर परवडले. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी आली, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आली. पण त्यातही कोरडवाहू माणूस कुठे आहे? विहीर नाही त्याला मोफत वीज म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका. त्याचा विजेशी संबंध दिव्याचा, चक्कीचा आणि नळयोजनेचा. रानात वस्ती करून राहणारी जी घरे शेतीच्या वाहिनीवर आहेत, त्यांचे दुखणे तर आजही जुनेच आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो. शेतीच्या वाहिनीवरची वस्ती, तांडा, पाडा यांना घरगुती वाहिनीची जोड द्या. वीज कमी पडली तर कपात शहर-खेड्याला सारखी करा, गळतीच्या नावाखाली गावाला सामुदायिक शिक्षा नको. आणि जळालेली डीपी मुदतीत बदलून मिळालीच पाहिजे.

तिसरी मागणी नवी नाही. आयोगाने २००५ सालीच ग्रामीण भागासाठी ४८ तासांची मुदत आणि उशिराबद्दल भरपाई ठरवली होती. नियम पुढे बदलत गेले, पण मुदत आणि भरपाईचे तत्त्व टिकून आहे. आपण ते वसूल करत नाही, कारण आपल्याकडे नोंद नसते. प्रत्येक गावाने एक वही घालावी. लाइट कधी गेली, कधी आली, डीपी कधी जळाली, तक्रार कोणाला दिली, तारीख आणि वेळ लिहावी. वही चक्कीवर ठेवा, म्हणजे नोंद बायाच करतील. अंधाराचा खरा हिशेब त्यांनाच पाठ आहे. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. आपल्या नावावर लिहिलेला अंधार खोडायचा तर आधी आपला आकडा आपल्या हातात हवा.