गादी सरकली, असे म्हणणाऱ्यांना

कोणी कंबर धरून बसले की आपल्याकडे निदानाला डॉक्टर लागत नाही. शेजारी सांगतो, रिक्षावाला सांगतो, ऑफिसातला शिपाईही सांगतो: ‘मणक्यात गॅप आलीय’, नाहीतर ‘गादी सरकलीय’. मग ओळीने एक्स-रे, एमआरआय, कमरेचा पट्टा आणि फळीवर पंधरा दिवसांची सक्तीची झोप. गावाकडे उसण भरली तर अजूनही पायाळू माणूस शोधून त्याचा पाय लावून घेतात. तो उपाय निदान फुकट तरी असतो.

आधी ही गॅप पाहू. माणसाच्या पाठीच्या कण्यात मूळची 33 हाडे. मानेचे मणके 7, पाठीचे 12, कमरेचे 5. त्याखाली एकजीव झालेल्या 5 मणक्यांची त्रिकास्थी आणि बहुधा 4 मणक्यांचे माकडहाड. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. तिथून खाली त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक सांध्यात असते, अशा एकूण 23. एक्स-रेवर हाड उमटते, गादी उमटत नाही, म्हणून दोन मणक्यांमध्ये काळी फट दिसते. ती सगळ्यांनाच असते. वय वाढते तसे गादीतले पाणी आटते आणि फट उलट अरुंद होते. गादी सरकतही नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडते, आतला गर बाहेर येतो, तो शिरेच्या मुळाशी भिडला की नितंबापासून पायात कळ जाते. हीच सायटिका. कधीकधी मणकाच खरोखर पुढे सरकतो, पण तो आजार वेगळा, आणि तो असलेल्या अनेकांना त्याचा पत्ताही नसतो.

यावर एक आक्षेप ठरलेला: ‘पण एमआरआयमध्ये स्वच्छ दिसतंय ना!’ दिसते, हे खरे. बाहेर आलेली गादी शीर दाबू शकते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी 1934 मध्ये मांडले आणि ते बरोबरच होते. बिघडले ते पुढे. प्रत्येक कंबरदुखीची आरोपी गादीच ठरू लागली. 1994 मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले. 52 टक्क्यांची एकतरी गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त 36 टक्के. साठीतल्या माणसाच्या रिपोर्टात ‘डीजनरेशन’ नसेल तरच नवल. चित्राला अर्थ येतो तो लक्षणांशी जुळल्यावर. गादी डावीकडे आणि कळ उजव्या पायात, तर ती गादी निर्दोष. शेवटच्या गादीने शीर दाबली तर बधिरता पावलाच्या बाहेरच्या कडेला येते. तिच्या वरच्या गादीने दाबली तर अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. हे तपासायला हात आणि पाच मिनिटे लागतात. आमच्या अनेक दवाखान्यांत नेमकी तीच पाच मिनिटे मिळत नाहीत आणि मशीनची चिठ्ठी मात्र लगेच मिळते.

दुसरा आक्षेप: ‘पडून राहिलं की बरं वाटतं.’ वाटते, पहिले एक-दोन दिवस. 1986 मध्ये डेयो आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवस पडून राहायला सांगितले, काहींना सात दिवस. दोन्ही गट सारखेच बरे झाले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे तेवढे कमी झाले. 1995 मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर अशीच चाचणी झाली. तिथे तर झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारेच लवकर सावरले. पट्टा आणि ट्रॅक्शन यांचे म्हणाल, तर विशेष कारण नसलेल्या जुनाट कंबरदुखीत ती नेहमीसाठी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये लिहूनच दिले आहे.

‘ऑपरेशन केलं की पाय जातो’ ही समजूतही त्याच गोणीतली. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. ज्या खालच्या दोन गाद्यांवर बहुतेक शस्त्रक्रिया होतात, तिथे तो नसतोच, फक्त शिरांचा जुडगा असतो. धोका शून्य नाही. पण सायटिका बहुतेकांची काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरते, बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच जिरवते, आणि ज्यांचे तसे होत नाही त्यांनी निव्वळ भीतीपोटी पाय ओढत वर्षे काढण्यात शहाणपण नाही.

नसत्या गॅपची एवढी धास्ती घेणारे आपण ज्याला भ्यायला हवे त्याला भीत नाही, ही माझी खरी तक्रार. लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतले बळ जाऊ लागले, तर त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठायचे. सकाळची वाट पाहायची नाही. पाठ रात्रीही दुखते, संध्याकाळी अंगात कसर येते, वजन उतरते, तर मणक्याचा क्षय शोधायलाच हवा. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1779 मध्ये वर्णिलेला हा आजार आपल्याकडे आजही दिसतो. त्यावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, आणि तरी माणसे मालिश करून घेत बसतात. आजीने कळशी उचलली आणि पाठीत एकदम कळ आली, तर ती ‘वयाची दुखणी’ नव्हेत. ठिसूळ झालेला मणका चेपलेला असू शकतो. पंचविशीतल्या मुलाची कंबर पहाटे ताठते आणि हालचालीने सैल होते, तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या.

माडावरून, विहिरीत किंवा दुचाकीवरून पडलेल्याला हातापायांना धरून रिक्षात कोंबू नका. तुटलेला मणका अशा उचलण्यात सरकला तर मज्जारज्जूची उरलीसुरली शाबूत बाजूही जाते. 108 ला फोन करा, मान धरून ठेवा, वळवावेच लागले तर तिघाचौघांनी ओंडक्यासारखे एकसंध वळवा.

आणि हातात एमआरआयचा रिपोर्ट असेल तर डॉक्टरांना एवढेच विचारा: यात दिसणारी ही गादी माझ्या याच पायाच्या याच दुखण्याशी जुळते का? उत्तर देण्याआधी त्यांनी पाय तपासला नाही, तर दुसरे डॉक्टर गाठा.