तिसऱ्या दिवशीचा फोन

"हाय मॅम, वी आर मिसिंग यू!"

हा फोन मला वर्षातून बरोब्बर एकदा येतो. पुण्यातल्या ज्या जिमला मी वर्षाचे पैसे एकरकमी भरते (आणि जिथे, खरं सांगायचं तर, पहिले पाच आठवडे जाते) तिथल्या गोड आवाजाच्या मुलीचा. मेंबरशिप संपायच्या पंधरा दिवस आधी. अकरा महिने मी जिवंत आहे की नाही याचं तिथे कुणाला काही पडलेलं नसतं, आणि बाराव्या महिन्यात अख्खी जिम माझ्या आठवणीने व्याकूळ! तुम्हालाही येत असेल हा फोन. येत नसेल, तर तुम्ही रेग्युलर जाणाऱ्यांपैकी आहात. तुमचं-आमचं जमणं कठीण.

याला म्हणे फॉलो-अप म्हणतात. मास कॉमला पब्लिक रिलेशन्सच्या तासाला हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की त्यातला अर्थच उडून गेला होता. तो परत सापडला गेल्या दिवाळीत, चांदूर बाजारला, आमच्या वहिनींच्या गच्चीवर.

चांदूर बाजार म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. याच जिल्ह्यात चांदूर रेल्वे नावाचं दुसरं तालुक्याचं गाव आहे, त्यामुळे चुकीच्या एसटीत बसून भलतीकडे पोचलेला एक तरी पाहुणा इथे प्रत्येक घराच्या नशिबी असतो. चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा, आणि पहाटे साडेपाचला गच्चीवर आमच्या चुलत वहिनी. समोर सतरंज्यांवर चौदा बायका, आणि पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये आणखी नऊ जणी. त्यातली एक हिंजवडीला, एक बंगळुरूला. दोघीही इथल्याच लेकी. कंबर धरून बसलेली मी पंधरावी. दिवसाचे दहा तास लॅपटॉपपुढे वाकून बसल्यावर सत्ताविसाव्या वर्षी जी कंबर होते ती माझी झाली होती.

वहिनी बी.पी.एड. आहेत, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजमधून. हे नाव आमच्याकडे नुसतं 'मंडळ' म्हणून घेतलं जातं. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी ते सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिकडे जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. थोडक्यात काय, तर वीकेंडला दोन दिवसांचं सर्टिफिकेट करून सोमवारी बायोमध्ये 'कोच' लिहिणाऱ्यातल्या आमच्या वहिनी नव्हेत. पण गंमत अशी की शिक्षण एवढं पक्कं असूनही त्यांचा धंदा पहिल्या वर्षी आपटला होता.

त्या एका शाळेत तासिका तत्त्वावर पी.टी. शिकवायच्या. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, शाळा बंद, तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. गल्लीतल्या तिघींनी "आमाले व्हिडिओवर शिकवा ना" म्हटलं आणि महिना तीनशे रुपयांवर सुरुवात झाली. डिसेंबरपर्यंत एकोणीस जणी झाल्या. मग लग्नं, शाळा, बाहेर जाणं हळूहळू सुरू झालं आणि २०२१ च्या दिवाळीला उरल्या सहा. भाऊ म्हणाला, झालं, हौस फिटली. वहिनींनी ऑफर ठेवून पाहिली, तीन महिन्यांवर एक फ्री. एक जण आली. तीही त्यांची सख्खी बहीण.

मग त्यांनी एक काम केलं. सोडून गेलेल्या तेरा जणींना एकेक करून फोन लावला आणि एकच विचारलं, काय झालं होतं? परत या, असं चुकूनसुद्धा म्हटलं नाही. "म्हटलं असतं तर खरं सांगतलं नसतं कोणी," असं त्यांचं म्हणणं. कारणं काय निघाली असतील? पैसे? वेळ? दोघींचं वेळेचं होतं, एकीचं पैशांचं. आठ जणींचं मात्र एकच कारण निघालं: पहिल्याच आठवड्यात अंग एवढं दुखलं की काहीतरी बिघडलं असं वाटलं, घरच्यांनी "सांगतलं होतं ना" म्हटलं, आणि त्या थांबल्या. वहिनींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वहिनींनीही विचारलं नव्हतं.

आता हे शास्त्र कॉलेजात शिकवलेलं असतं. बरीच वर्षं न वापरलेल्या स्नायूंना अचानक काम दिलं की त्या दिवशी फार दुखत नाही; दुखणं चढतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि मग आपोआप उतरतं. म्हणजे माणूस कंटाळून सोडतो हा आपला गैरसमज आहे, बऱ्याचदा तो घाबरून सोडतो. तेव्हापासून वहिनींचा नियम झाला: नवीन माणसाला तिसऱ्या दिवशी फोन. मेसेज नाही, फोनच. "जिना उतरताना मांडीच्या पुढून दुखून राह्यलं ना? दुखणारच. दोन दिवसांनी पाहजा. पण गुडघ्यात आत एकाच जागी टोचत असन, तर बंद करा आन मले सांगा." आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली असं कुणी म्हणालं, की वहिनींचा व्यायाम तिथेच बंद. आधी डॉक्टर, मग गच्ची. यावर चर्चा नाही.

माणूस लक्षात ठेवायचा म्हणजे ते लिहून ठेवायला हवं. म्हणून एक दोनशे पानी लाँगबुक आलं. मी ते दुपारी वाचत बसले, आणि सांगते, फराळाचं ताट तसंच राहिलं. मला वाटलं होतं वजन-उंची-कंबर असे रकाने असतील. वजन आहे, पण कोपऱ्यात. बाकी नोंदी अशा: 'जिना. तिसऱ्या पायरीवर थांबते.' 'खुर्चीतून उठताना हात टेकते.' 'मुलगी बारावीला, पहाटे पाचला डबा.' 'सासूचं मोतीबिंदू, १४ तारीख.' 'आंबिया बहाराची तोड चालू, दोन आठवडे विचारू नये.' ही 'विचारू नये' ची नोंद मला फार आवडली. कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी हा रकाना पाहिलेला नाही. एका नोंदीवर तर मी मोठ्यांदा हसले: 'खोटं बोलते, पण प्रेमाने.'

डिसेंबरच्या शेवटी याच तालुक्यात बहिरमची यात्रा भरते, महिनाभर चालते, आणि तिथलं हंडीतलं मटण आणि रोडगे हा अमरावती जिल्ह्याचा वीक पॉइंट आहे. त्या दिवसांत वहीत कुणाच्याही नावापुढे खाण्याबद्दल एक अक्षर नसतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मीच जातो ना ताई!"

चार महिन्यांनी त्या आठ जणींतल्या पाच परत आल्या. उरलेल्या तिघी कधीच आल्या नाहीत, पण पुढच्या वर्षभरात नवीन आलेल्यांतल्या बऱ्याच जणी त्यांनीच पाठवलेल्या होत्या. सोडून गेलेलं गिऱ्हाईक आपली जाहिरात करतं, हे आम्हाला कुठल्याच सेमिस्टरला शिकवलेलं नव्हतं.

तसं घरबसल्या, लांबून व्यायाम शिकवणं हे काही व्हॉट्सअॅपच्या काळात निघालेलं नाही हं. युजेन सँडो नावाचा गाजलेला पहिलवान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनहून पोस्टाने व्यायाम शिकवायचा. १९०४-०५ मध्ये तो आपल्याकडे दौराही करून गेला. पुढे बंगळुरूच्या के. व्ही. अय्यर यांनीही पोस्टाने कोर्स चालवला. तुमची मापं लिहून पाठवा, तुमच्यासाठीचा व्यायाम पाकिटातून येईल. पत्र यायला दिवस लागत, पण पाकिटावर तुमचं नाव असे. आज मेसेज सेकंदात पोचतो आणि त्यात 'डिअर मेंबर' असतं.

आणि इथे मला माझा पराक्रम सांगावा लागतोय. २०२३ मध्ये वहिनींकडे साठ जणी झाल्या होत्या. वही, फोन, घर, दोन मुलं. त्या थकल्या होत्या. मी सुट्टीत आलेली, डोक्यात सगळे फंडे ताजे. म्हटलं, वहिनी, एवढे फोन कोण करतं आजकाल? त्यांचा नंबर बिझनेस अकाउंटवर घेतला, लेबलं लावली, ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या: नवीन, रेग्युलर, गैरहजर. तिन्हींसाठी छान चुरचुरीत मेसेज लिहून दिले. कॉपी माझी असल्यामुळे मला जरा कौतुकही होतं. 'गैरहजर'साठीचा होता: 'सतरंजी वाट बघतेय! आज कुठला बहाणा?' सोबत डोळा मारणारा चेहरा.

पहिले दोन महिने सॉलिड चाललं. वहिनींचा दिवसातला तास-दीड तास वाचला. मग एका सोमवारी हा मेसेज गैरहजर यादीतल्या अकरा जणींना गेला, आणि त्यातल्या एक काकू आदल्या शनिवारी विधवा झाल्या होत्या. त्या चार दिवस आलेल्या नव्हत्या. काका दवाखान्यात होते. पूर्वीची पद्धत असती तर दुसऱ्या गैरहजेरीला फोन गेला असता आणि कळलं असतं. काकूंच्या फोनवर तो मेसेज त्यांच्या मुलाने वाचला. घर भरलेलं असताना.

वहिनी त्याच दुपारी त्यांच्याकडे जाऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "ताई, मेसेज चांगला होता. फक्त तो कोणासाठीच नव्हता." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू परत आल्या नाहीत. वहिनी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसतात; वहीतलं त्यांचं पान मात्र त्यांनी चिकटवून टाकलं आहे.

त्या आठवड्यात ब्रॉडकास्ट लिस्ट बंद झाल्या आणि वहिनींनी हिशोब मांडला. एका माणसामागे महिन्याला किती फोन? नवीन असेल तर चार, जुनी असेल तर एक, आजारी असेल तर मोजायचे नाहीत. साठ जणींना हे नीट जमत नाही. पंचेचाळीसना जमतं. म्हणून आता पंचेचाळीसच, सकाळच्या दोन बॅचमध्ये. फी सहाशे. म्हणजे महिन्याला सत्तावीस हजार, त्यातून इंटरनेट आणि सतरंज्या. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. हा अर्धा तासही उगाच नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी सांगितलं आहे, ते यात बसतं. फीची आठवण एक तारखेला, सरळ शब्दांत, वेगळ्या मेसेजने. ज्या फोनवर गुडघ्याची चौकशी केली त्या फोनवर पैशांचं नाव नाही. आता अकरा जणी वेटिंगवर आहेत. भावाला वाटतं एक मदतनीस ठेवावी आणि शंभर करावेत. वहिनी म्हणतात, ठेवीन, पण फोन कोण करणार? दिवाळीतही या विषयावर जेवताना जुंपली होती, आणि निकाल अजून लागलेला नाही. खरं सांगायचं तर भावाचंही अगदीच चूक नाही. मुलं मोठी होतायत, सत्तावीस हजारात पुढची कॉलेजं बसत नाहीत. वहिनींच्या वहीला हे उत्तर देता येत नाही, आणि मलाही.

माझ्या मैत्रिणींपैकी दोघी सध्या नोकरी सोडून ऑनलाइन कोचिंग सुरू करायच्या बेतात आहेत. लोगो झालाय, रिंग लाइट आलाय. मी त्यांना विचारलं, पहिली दहा माणसं कोण? एकीने फॉलोअर्सचा आकडा सांगितला.

असो. माझी कंबर. वहिनींनी तपासून, डॉक्टरकडे एकदा दाखवायला लावून, मग मला एकच व्यायाम दिला: पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, कंबर उचलायची, पाच आकडे थांबायचं, खाली. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. भाऊबीज आटोपून मी पुण्याला आले. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला मी ऑफिसातच होते, फोन वाजला.

"ताई, कंबर कशी आहे?"

"एकदम मस्त, वहिनी! रोज करतेय."

"वा. कोणत्या पायाने पहिले सुरू करता? डावा का उजवा?"

"उं... उजवा."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"दोन्ही पाय टेकवून करायला सांगतलं होतं म्या."

आणि मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"काय लिहिताय, वहिनी?"

"काई नाई. एक जुनीच नोंद आहे, तुमच्या पानावर उतरवून राह्यली."