आधी तपासणी, मग पाना

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची चूल गॅरेजवर पेटते आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा माल गाडीवर चालतो. म्हणून आज बाजारभाव बाजूला ठेवून गाडीच्या इंजिनाला येणाऱ्या तापाविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे. विषय मिस्त्रींचा वाटेल. पण तो जितका मिस्त्रींचा, तितकाच गिऱ्हाइकाचाही आहे.

आमच्याच गाडीची हकीकत सांगतो. भिवंडीहून मालेगावला जाताना कसारा घाटात तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि 'आपल्या हवेत याची गरजच नाही' असे सांगून मजुरी घेतली. काटा खाली आला, आम्ही खूश झालो. पण हिवाळ्यात पेट्रोल जास्त लागू लागले. उन्हाळ्यात एसी गार करीना, म्हणून दोनदा गॅस भरून घेतला. आणि एप्रिलमध्ये त्याच घाटात पाणी पुन्हा उकळले. शेवटी एका जुन्या उस्तादांनी अर्ध्या तासात तीन गोष्टी दाखवल्या. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट यंत्रमागाच्या सुताच्या धुळीने बुजली होती. थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. आणि हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. तिन्ही रोग वेगळे आणि तिन्ही स्वस्त. आम्ही मात्र सर्वांत जास्त पैसे मोजले ते गॅसचे, जो कमी नव्हताच.

थर्मोस्टॅट काढण्याची ही सवय आपल्या गॅरेजांत इतकी मुरली आहे की तिच्याविरुद्ध स्पष्ट बोलणे भाग आहे. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. साधारण ८२ ते ८८ अंशांवर ते वितळून फुगते आणि रेडिएटरचा रस्ता उघडते. हा आकडा बहुधा त्या भागावरच कोरलेला असतो. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन उशिरा तापते. इंजिन अजून थंड आहे असे समजून गाडीचा संगणक पेट्रोल जास्त सोडतो. ते ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी वाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. म्हणजे ज्या रोगावर इलाज म्हणून भाग काढला, तोच रोग आपण विकत घेतो.

थर्मोस्टॅट तपासायला मोठे यंत्र लागत नाही. पातेल्यात पाणी घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबकळत ठेवावा की तळाला टेकणार नाही, आणि पाण्यात थर्मामीटर धरून ते तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला, तर तो निर्दोष आहे. तो मुकाट्याने परत बसवावा.

ताप केव्हा येतो, हा पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला विचारावा. सिग्नलला उभे असताना तापते आणि चालू लागल्यावर उतरते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज पाहावा. घाटात किंवा वेगात तापते, तर रेडिएटरची जाळी, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांवर नजर ठेवावी. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी आणि रेडिएटरचे झाकण पाहावे. हे झाकण म्हणजे डबीचे टोपण नव्हे. त्यावर ०.९ लिहिले असेल, तर ते तेवढा दाब धरून साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे ११८ अंशांवर नेते. झाकणाचे रबर गेले की निरोगी इंजिनाचे पाणीही उकळते. गरम झाकण कधीही उघडू नये. चेहरा भाजून घेतलेले शागिर्द आम्ही पाहिले आहेत. हेड गॅस्केटचा संशय सर्वांत शेवटी, आणि तोही पाण्यात सतत बुडबुडे, ऑइलला दुधाळ रंग किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसला तरच.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. पाणी ८० अंश असो वा १००, तो हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरा आकडा स्कॅनर सांगतो. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी स्कॅनर लावला, तर पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल, तर सेन्सर खोटे बोलत आहे. पाण्याच्या सेन्सरचा रोध तापमान वाढले की कमी होतो. अनेक गाड्यांत तो २० अंशांवर दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांवर तीनशेच्या आसपास असतो. स्कॅनर उणे ४० दाखवीत असेल, तर बहुधा वायर तुटलेली किंवा प्लग सुटलेला असतो. 'पी ०१२८' हा कोड आला, तर पाणी पुरेसे तापत नाही असे समजावे. त्यामागे बहुतेक वेळा उघडा राहिलेला किंवा काढून टाकलेला थर्मोस्टॅट असतो. हातातल्या बंदुकीसारख्या थर्मामीटरने तापमान घेताना चकचकीत अॅल्युमिनियमवर नेम धरू नये, आकडा कमी येतो. काळ्या रबरी पाइपवर धरावा.

आता हीटर. आपल्याकडे हीटर कोण लावतो, म्हणून त्याच्या व्हॉल्व्हकडे कोणी पाहत नाही. न वापरल्यामुळेच तो अडकतो. अर्धवट उघडा राहिला की डॅशबोर्डमागे उकळते पाणी फिरत राहते आणि एसीची गार हवा तिथे गरम होते. मग गॅस भरा, कॉम्प्रेसर बदला, असे सुरू होते. परीक्षा सोपी आहे. इंजिन तापल्यावर हीटर बंद ठेवून त्याच्या दोन्ही पाइपांना सांभाळून हात लावावा. व्हॉल्व्हच्या अलीकडचा पाइप गरम आणि पलीकडचा गार, तर व्हॉल्व्ह मिटतो आहे. दोन्ही गरम असतील, तर येणारा पाइप थोडा वेळ चिमट्याने दाबून पाहावा. एसी गार होऊ लागला, की दोष सापडला. काही गाड्यांत असा व्हॉल्व्ह नसतोच, पाणी सदैव फिरते आणि हवेची झडप काम करते. तिथे झडपेची केबल किंवा मोटर पाहावी. उलट, हीटर पूर्ण उघडूनही गार हवा येत असेल, तर पाणी कमी आहे, हवा अडकली आहे, किंवा व्हॉल्व्ह उघडत नाही. आणि घाटात गाडी तापलीच, तर एसी बंद करून हीटर व ब्लोअर पूर्ण सोडावेत. तो छोटा रेडिएटरच आहे. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन वाचवतो.

हे सारे कित्येक मिस्त्रींना ठाऊक आहे. मग ते का करीत नाहीत? कारण आपल्या धंद्यात भाग बदलण्याचे पैसे मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत. अर्धा तास डोके चालवून उस्तादांनी केबल सरळ केली, तर गिऱ्हाईक म्हणते, 'केले काय, नुसता हात तर लावला!' तोच गिऱ्हाईक नव्या कॉम्प्रेसरचे हजारो रुपये निमूट देतो. हा दोष मिस्त्रींइतकाच आम्हा गिऱ्हाइकांचाही आहे. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण कुरकुर करीत नाही, हे विसरू नये.

म्हणून आमची सूचना अशी. गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी वेगळी ठरवून पाटीवर लिहावी. काय मोजले आणि काय निघाले ते चार ओळींत गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. काढलेला भाग परत दाखवावा. व्यापारी बंधूंनी ती मजुरी खळखळ न करता द्यावी. स्कॅनर, मल्टिमीटर आणि थर्मामीटर हे आता पान्याइतकेच गरजेचे आहेत; एकट्याला न परवडल्यास चार गॅरेजांनी मिळून स्कॅनर घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत अंदाजाला जागा उरलेली नाही. आणि विजेवरच्या अनेक गाड्यांतही बॅटरीसाठी पाणी, पंप व व्हॉल्व्ह आहेतच. जो मोजायला शिकला, त्याचे काम तिथेही चालेल. जो भाग काढून फेकण्यातच उस्ताद राहिला, त्याच्याकडे गिऱ्हाईक एकदाच येईल.